रविवारची लोणकढी

आमच्याबरोबर जुने चित्रपट बघायचे तर पहिली अट म्हणजे मोबाइल पोळ्यांच्या डब्यात टाकायचा. अक्कांच्या स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा तो मोठा स्टीलचा डबा दर रविवारी दुपारी दिवाणखान्याच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा आणि पायताणं काढता काढता आम्ही आपापले फोन त्यात टाकायचो. कारण मोबाइल हातात असला की माणूस लगेच खरं-खोटं तपासायला जातो, आणि आमचा सगळा खेळ खऱ्या-खोट्यावरच चालायचा.

खेळ साधा होता. चित्रपट लावण्याआधी अक्का टीव्हीशेजारी उभ्या राहून त्याची ओळख करून देत. बेंगळुरूच्या मॅजेस्टिक भागातल्या कुठल्या थिएटरात तो लागला होता, नायिकेने कोणत्या प्रसंगात कसलं लुगडं नेसलंय, खलनायक कोणत्या हाताने सिगारेट पेटवतो, सगळं. त्यात एक, फक्त एक, लोणकढी थाप असे. मध्यंतराच्या आत ती पकडायची, तीही चित्रपट बघूनच. ज्याला सापडेल त्याने उरलेला चित्रपट वेताच्या आरामखुर्चीत बसून बघायचा, इतरांनी सतरंजीवर. पकडली गेली की अक्का म्हणत, "सरी, सापडली," आणि कॉफी करायला उठत.

अक्का म्हणजे जे. पी. नगरातल्या एका जुन्या बैठ्या घरात एकट्या राहणाऱ्या सत्तरीपलीकडच्या बाई. सासरचं चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं, तीन पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड, 'बरोबर'ला 'सरी' आणि 'थोडं'ला 'स्वल्प'. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी पुण्यात. आमच्यातल्या फक्त त्यांनीच हे सगळे चित्रपट थिएटरात, पडद्यावर, नवऱ्याच्या शेजारी बसून बघितले होते. बाकी आम्ही चौघं. निपाणीकडचे एक अण्णा, बँकेतून निवृत्त झालेले, चित्रपटात बंदूक निघाली की "आता मेला बघा" असं दर वेळी म्हणणारे. पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं, दोघंही आयटीत. कुठून कुठून दुर्मीळ प्रती मिळवणं हे त्यांचं काम. आणि मी. मी नागपूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि घरचे म्हणतात तसा तो माझा स्वभावही आहे. वेताची खुर्ची बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायची, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

अक्कांच्या थापा बेमालूम असत. खरी वाटेल इतकी खरी, आणि मोहात पाडेल इतकी चविष्ट. थाप मारताना त्यांची नजर क्षणभर पंख्याकडे जायची. हे फक्त मला ठाऊक होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी त्या म्हणाल्या, की यात नायकाचा धाकटा भाऊ नदीत बुडतो, तेवढा प्रसंग स्वल्प नीट बघा. मी डोळ्यांत तेल घालून बघत बसले. चित्रपट सरकत आला मध्यंतराकडे, नदी नाही की भाऊ नाही. मी ओरडले, "नायकाला भाऊच नाहीये!"

"सरी, सापडली," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबा की! तुम्ही म्हटलात हे गाव कोकणातलं. मागं ऊस दिसतोय ढळढळीत. कोकणात कुठनं आला एवढा ऊस?"

"सरी," अक्का म्हणाल्या, "तेही सापडलं."

एका दिवसात दोन थापा! अण्णांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याचा तो म्हणाला, "अक्का, नेक्स्ट लेव्हल! आता डिफिकल्टी वाढवली तुम्ही." त्याच्या बायकोने पुढच्या वेळी दोन खुर्च्या मांडायचं जाहीर केलं. सगळे हसत होते, आणि अक्काही हसत होत्या. पण त्या नदीची गोष्ट सांगताना त्यांची नजर पंख्याकडे गेली नव्हती, आणि त्या खुर्चीत बसून मला काही सुख लागलं नाही.

पुढच्या रविवारी तीन निघाल्या. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही मोजणं सोडून दिलं.

मुद्दाम घातलेली चूक आणि आपोआप झालेली चूक यांतला फरक मला कळतो. त्याचाच मला पगार मिळतो. मुद्दाम घातलेल्या चुकीला जागा असते, डौल असतो. अक्कांच्या या नव्या थापांना काहीच नव्हतं. त्या उसवलेल्या टाक्यांसारख्या कुठेही लोंबत होत्या. नायिकेची आई दुसऱ्याच चित्रपटातली, शेवट तिसऱ्याच. आणि सगळ्यात भीती वाटायची ती पुढच्या क्षणाची. आम्ही काहीतरी पकडलं, की अक्का "सरी, सापडली" म्हणत आणि मग आमच्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत. नेमकं काय सापडलं ते आमच्या तोंडावर शोधत असल्यासारख्या.

मग कॉफीचा रविवार आला. अक्कांची फिल्टर कॉफी म्हणजे आमच्यासाठी चित्रपटाइतकंच मोठं आकर्षण. त्या दिवशी अण्णांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड कसंसंच झालं. मीठ होतं, साखरेच्या जागी. मग अण्णा मांडीवर थाप मारून गडगडून हसले. "अय्यो अक्का! आता कॉफीतपण लोणकढी? सापडली बघा, सापडली!" आणि त्या भल्या माणसाने खिलाडूपणे पूर्ण पेला संपवला.

"सापडली ना?" अक्का म्हणाल्या. "मला वाटलंच तुम्हाला सापडणार."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि माझा पेला मोरीत ओतला. वर पाहिलं तर गॅसमागची भिंत काळी पडलेली, आणि ओट्याखाली तीन पातेली सरकवून ठेवलेली, तिन्हींची बुडं जळून कोळसा झालेली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी म्हटलं, म्हातारं माणूस आहे, करपतं दूध कधीमधी. पण एकापाठोपाठ तीन पातेली लपवून का ठेवावीत?

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या मुलीचा पुण्याहून अण्णांना फोन आला. आम्ही सगळे तेव्हा अक्कांच्या फाटकाबाहेरच उभे होतो, निघता निघता. अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला. शेजारच्या बाईंनी तिला कळवलं होतं, की अक्का भर दुपारी चांगली साडी नेसून, पर्स घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या आणि रिक्षावाल्यांना एका थिएटरचं नाव सांगत होत्या. ते थिएटर पाडूनच जमाना झालाय. शेजारच्या बाईंनी हाताला धरून त्यांना घरात आणलं.

"काका, तुम्ही दर रविवारी भेटता तिला. खरं सांगा, आई बरी आहे ना? काही विसरते-बिसरते का?"

"विसरते?" अण्णा म्हणाले. "अहो, तुमच्या आईचं डोकं म्हणजे आमच्या चौघांचं मिळून होणार नाही. आम्हालाच फसवतात की! एकेका दिवशी सात-सात थापा, आम्ही पुरे पडत नाही त्यांना पकडायला. ते थिएटरचंसुद्धा गंमतच केली असणार बघा रिक्षावाल्याची."

"ऑल गुड, ताई, डोंट वरी," आमच्या जोडप्यातली ती म्हणाली.

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी "ठेवतो, ठेवतो" करून फोन बंद केला होता. मग त्या रस्त्यावरच मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, ज्या चुका बघून डॉक्टरकडे न्यायचं त्याच मोजून तुम्ही त्यांना हुशारीचं प्रशस्तिपत्र देताय. अण्णांनाही राग आला.

"काय गं पोरी, तुला सगळीकडं चुकाच दिसतात. ऑफिस ऑफिसात ठेव. गरीब बाई एकटी राहते, रविवारी चार घटका हसते, त्यात पण तुला किडे दिसायला लागले?"

मी चिडून चालायला लागले. खरं सांगायचं तर अण्णांचं बरोबर असावं अशी माझी फार इच्छा होती. म्हणूनच नंतर मी मुलीचा नंबर त्यांच्याकडून मागून घेतला तरी फोन केला नाही; म्हटलं, आणखी एक रविवार बघू.

तो रविवार ज्या चित्रपटाचा होता, त्याची आम्ही दोन वर्षं वाट बघत होतो. एक जुना, काळा-पांढरा रहस्यपट. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर बघितलेला अक्कांचा हा पहिला चित्रपट. त्याबद्दल त्या नेहमी सांगायच्या: त्यात एक बाई दिवा घेऊन जिना चढते, तेव्हा घाबरून त्यांनी सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात धरला होता, आणि मागून कुणीतरी शीळ घातली होती. शेवट मात्र काही केल्या सांगत नसत. "प्रिंट मिळू दे, मग बघा," एवढंच. पुण्याच्या जोडप्याने अखेर कुणा संग्राहकाकडून ती प्रत मिळवली. पेनड्राइव्ह त्यांनी असा आणला होता, जसा कुणी प्रसाद आणतो.

पडदे ओढले. फोन डब्यात गेले. अक्का टीव्हीशेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी पदर नीट केला, टीव्हीच्या कडेवर हात ठेवला आणि काहीच बोलल्या नाहीत.

आम्ही वाट बघत राहिलो. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"या चित्रपटात," अक्का शेवटी म्हणाल्या, "एक बाई असते."

मग म्हणाल्या, "बाकी तुम्ही बघा," आणि माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसल्या, गुडघे दुखत असूनही.

"वा!" पुण्याचा तो म्हणाला. "आज थापच नाही, हीच थाप!" अण्णांनी टाळी दिली. चित्रपट सुरू झाला.

चित्रपट फार चांगला होता, असं बाकीचे सांगतात. मला त्यातलं नीटसं आठवत नाही, कारण सुरुवातीपासून अक्कांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. पडद्यावर मोठं घर, वारा, बंद खोल्या. मग ती बाई आली. हातात दिवा, पहिली पायरी, दुसरी पायरी. अक्का माझ्या कानाशी वाकल्या. मला वाटलं, आता त्या शिळेची गोष्ट सांगणार.

"शेवटी काय होतं गं?" त्यांनी विचारलं.

"मी कुठे पाहिलाय, अक्का? तुम्हीच पाहिलाय."

"होय?" त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने परत म्हणाल्या, "कधी?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पडद्यावरच्या बाईमुळे नव्हे. मनगटावरची त्यांची बोटं बर्फासारखी गार होती आणि त्या पडद्याकडे अशा बघत होत्या, जणू तिथे पुढे जे होणार ते त्यांच्याच जिवावर बेतणार आहे.

'मध्यंतर' अशी पाटी आली. अण्णा वळून म्हणाले, "बोला आता, आजची लोणकढी—"

"सापडली," अक्का म्हणाल्या.

कुणाला काही सापडलं नव्हतं. अण्णा हसायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. अक्का उठल्या, "कॉफी टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. मीही पाठोपाठ गेले. स्वयंपाकघराचं लोटलेलं दार त्यांनी उघडलं तसा भपकन वास आला. गॅसचं बटण पूर्ण फिरवलेलं, वर पातेलं ठेवलेलं, खाली ज्योत नाही. चित्रपटाआधी त्या दूध ठेवायला आत आल्या होत्या. तेव्हापासून तसंच असणार. आणि अक्का ओट्याशी उभ्या होत्या, हातात लायटर.

मी तो हिसकावून घेतला. असा हिसकावला की त्यांची बांगडी ओट्यावर आपटली. बटण बंद केलं, खिडकी उघडली, मागचं दार सताड उघडलं आणि दिवाणखान्याकडे ओरडले, "कुणी दिव्याच्या बटणाला हात लावू नका! सगळे अंगणात व्हा!"

आम्ही दोघी मागच्या दगडी पायरीवर बसलो. मला भयंकर राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. अक्का शांत होत्या.

"पहिल्यांदा चुकलं ना," त्या म्हणाल्या, "नदीचं, तेव्हा मला कळलंच नाही काय चुकलं ते. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, बरं झालं बाई. यांना ही थापच वाटली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"कधी असतं माहीत, कधी नसतं." त्यांनी पदराने ओठ पुसले. "आता खरी थाप मारायला मला जमतच नाही गं. थाप मारायला खरं काय ते आठवावं लागतं."

मी त्यांच्या हातातली आपटलेली बांगडी चाचपून बघितली.

"लेकीला सांगू नको. ती मला नेईल. बाविसाव्या मजल्यावर राहते ती. खाली उतरले तर सगळ्या इमारती सारख्या. मी परत कुठल्या दारात जाऊ? इथं माझं डोकं विसरलं तरी पाय विसरत नाहीत. दूधवाला, शेजारीण, सगळे कन्नडात हाक मारतात, मला वळता येतं. तिथं कोण मारणार हाक?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी जाईन गं तिथं. म्हणजे पुरतीच जाईन."

मला रडू फुटलं. तरी मी म्हटलं, "मी सांगणार आहे, अक्का. आजच सांगणार. आज आपण पाच जण गेलो असतो."

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "मग माझ्यासमोर सांग. पाठीमागं नको."

मी डब्यातून माझा फोन काढला आणि त्यांच्यासमोरच सांगितलं: नदी, मीठ, पातेली, थिएटर, गॅस. पलीकडे मुलगी आधी म्हणाली, "पण काका तर म्हणाले होते..." आणि मग म्हणाली, "उद्या येते." अण्णा तुळशीपाशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ती मिठाची कॉफी मी सगळी पिली गं," ते मला म्हणाले. "शेवटच्या घोटापर्यंत पिली."

मुलगी दुसऱ्याच दिवशी आली. डॉक्टर झाले, फोटो निघाले मेंदूचे, नाव कळलं आजाराचं. नाव कळून काही फरक पडत नाही हेही कळलं. गॅसची शेगडी निघाली. दिवसभरासाठी एक बाई ठेवली, रात्री सोबतीला शेजारीण झोपायला येते. मुलीला त्यांना लगेच न्यायचं होतं. अक्कांनी उंबऱ्यावर बसकण मारली आणि उठल्याच नाहीत. शेवटी ठरलं, की जमेल तितके दिवस इथे, आणि मग पुण्याला. 'जमेल तितके' म्हणजे किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

रविवार चालू आहेत. ओळख आता अण्णा करून देतात, सरळसोट, कागदावरून वाचल्यासारखी. वेताच्या खुर्चीत अक्का असतात. कधी त्या मध्येच एखादा संवाद नटाच्या आधी म्हणून टाकतात, अगदी बिनचूक, आणि आम्ही सगळे पडद्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघतो. तेवढ्यात ते निघूनही जातं. त्या रहस्यपटाचा शेवट पुण्याच्या जोडप्याने घरी बघितला. मी अजून बघितलेला नाही. अण्णा सांगायला लागले की मी कान झाकून घेते.

शेजारीण पहाटे उठून आपल्या घरी निघून जाते आणि दिवसाची बाई नऊला येते. मधला वेळ कुणीच नसतं. म्हणून मुलगी जाताना अक्कांनी घराची एक किल्ली माझ्या हातात ठेवली. "ऑफिसला जाताना एकदा ये," त्या म्हणाल्या. "मी दार उघडलं नाही तर तू उघड."

तेव्हापासून रोज सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी मी त्यांच्या दाराशी जाते. किल्ली हातात असते, पण लगेच लावत नाही. आधी घंटी वाजवते आणि दाराला कान लावून उभी राहते. आत नळाचा आवाज येतोय का, पावलं वाजतायत का. कधी फार वेळ काहीच येत नाही आणि मी किल्ली कुलपापर्यंत नेते. मग चपला फरफटत दाराकडे येतात आणि दाराच्या अगदी पलीकडे थांबतात.

"कोण?" अक्का आतून विचारतात.

"मी," मी म्हणते.

मग आत शांतता असते. ती रोज थोडी थोडी लांबत चाललीय. मी दुसरं काही सांगत नाही, नाव सांगत नाही. श्वास रोखून दार उघडल्याच्या आवाजाची वाट बघते. अजून तरी नुसतं 'मी' म्हटलेलं पुरतं.